चाकांवरचा संसार

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी सराटीचा मुक्काम आटोपते, पादुकांना नीरेचे स्नान घडते आणि नदी ओलांडून पालखी अकलूजमध्ये, म्हणजेच सोलापूर जिल्ह्यात, प्रवेश करते. सदाशिवराव माने विद्यालयाच्या प्रांगणात गोल रिंगण रंगते, अश्व धावतो, टाळमृदंगांचा घोष टिपेला पोहोचतो. हजारो डोळे त्या रिंगणाकडे लागलेले असतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच वेळी गावाबाहेरच्या मोकळ्या रानात दुसरेही एक रिंगण भरलेले असते. त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. दिंड्यांचे ट्रक, टेम्पो, पाण्याचे टँकर आणि कुठे कुठे आसने काढून टाकलेली एखादी जुनी बस, अशा वाहनांचे ते रिंगण. पालखी माळीनगरच्या उभ्या रिंगणाकडे निघण्यापूर्वीच ही वाहने पुढच्या मुक्कामाकडे धावू लागतात. वारकरी पायी चालतो, परंतु त्याचा संसार या चाकांवरून चालतो.

या वाहनांपैकी एखादे जवळून पाहिले तर त्याच्या कर्त्याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. ट्रकच्या हौद्यावर लोखंडी नळ्यांच्या कमानी बसवून ताडपत्री ताणलेली असते. मध्ये जाड फळ्या टाकून हौद्याचे दोन मजले केलेले असतात. खाली शिधा, भांडी, तंबूचे खांब, शेगड्या आणि सिलिंडर. वर अंथरुणे, वीणा-पखवाज आणि दमलेल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ टेकण्यापुरती जागा. मागच्या फळक्याला लोखंडी शिडी जोडलेली असते. बॅटरीवरून दिव्यांची माळ आणि ध्वनिवर्धक चालतो. अलीकडे त्यात एका लांब लाकडी फळीची भर पडली आहे. तिच्यावर ओळीने वीजखटके बसवलेले असतात आणि दिंडीतील सगळ्यांचे मोबाईल तिच्यावर चार्ज होतात. यातले काहीही कोणत्या कारखान्यातून आलेले नसते. गावचा वेल्डर, ओळखीचा वायरमन, दिंडीतलाच एखादा निवृत्त मेकॅनिक यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मिळेल त्या सामानातून ते उभे केलेले असते.

ही परंपरा नवी नाही. नारायण महाराजांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला, तेव्हा सामान वाहण्यास बैलगाडी होती, आणि बैलगाडीला तट्ट्या बांधून तिचे घर करण्याची विद्या महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत मुरलेली होती. बैलगाडीची जागा ट्रकने घेतली. विद्या तीच राहिली. तमाशाच्या फडांचेही तसेच. दसऱ्यानंतर बाहेर पडलेला फड जत्राजत्रांतून हिंडतो, तेव्हा रंगमंचाचे सामान, जनरेटर आणि कलावंतांचे घर हे सारे वाहनांच्या ताफ्यावरच असते. लावणी स्पर्धांमुळे ज्या अकलूजचे नाव राज्यभर झाले, त्या गावाला हे सांगावयास नको. परदेशांत जुन्या बसचे घर करणे हा हौशी लोकांचा छंद मानला जातो आणि त्यावर पुस्तकेही निघतात. इकडे तो छंद नाही, गरज आहे. म्हणूनच त्याच्याकडे अधिक गांभीर्याने पाहिले पाहिजे.

कौशल्य आहे, मोजमाप नाही

कौतुक करून झाल्यावर प्रश्न उरतो तो असा : ज्या वाहनात माणसे राहतात, स्वयंपाक करतात आणि झोपतात, त्याची राहण्याच्या दृष्टीने तपासणी कोण करतो? उत्तर सरळ आहे. कोणीही करीत नाही.

गावच्या कारागिराच्या हातात कसब असते, परंतु त्याच्या कामाला मोजमापाची जोड क्वचितच मिळते. त्यातून होणाऱ्या चुका ठरावीक आणि ओळखीच्या आहेत. पहिली चूक विजेची. ट्रक किंवा बसची विद्युतयंत्रणा सामान्यतः २४ व्होल्टची असते; १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून ती तयार होते. बाजारात मिळणारे दिवे व ध्वनिवर्धक बहुधा १२ व्होल्टचे. मग दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून तार ओढण्याचा सोपा मार्ग काढला जातो. एक बॅटरी रिकामी होत जाते, दुसरी भरलेलीच राहते. इंजिन सुरू झाले की भरलेल्या बॅटरीत गरजेपेक्षा अधिक विद्युतभार जातो, तिच्यातील पाणी उकळू लागते आणि ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो. त्यातच फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी तांब्याची जाड तार बसवली जाते. फ्यूज हा वीजमंडळातला सर्वांत दुबळा दुवा मुद्दाम ठेवलेला असतो. तो बळकट केला की दुबळा दुवा होण्याची पाळी ताडपत्रीखालून जाणाऱ्या तारेवर येते. ती तापते, आणि तिच्याभोवती असतात गाद्या, गोधड्या व प्लास्टिक.

दुसरी चूक गॅसची. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर उडून जात नाही; पाण्यासारखा तळाशी साचतो. घरात दाराच्या फटीतून तो निघून जाण्यास थोडा तरी वाव असतो. ट्रकचा हौदा किंवा बसचा पत्र्याचा तळ म्हणजे मात्र चारही बाजूंनी काठ असलेले भांडेच. तेथे वरची खिडकी कितीही मोठी असली तरी उपयोग नाही. तळाशी, बाहेरच्या बाजूला उघडणारी झरोक्याची जागा हवी, सिलिंडर उभा आणि पक्का बांधलेला हवा आणि चालत्या गाडीत त्याचा खटका बंद हवा. या तीन गोष्टींना मिळून काही शे रुपयांपेक्षा जास्त खर्च येणार नाही. त्या होत नाहीत, कारण त्या कोणी सांगितलेल्याच नसतात.

तिसरी चूक वजनाची. एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु टपावर टाकी बसवताना ते आठवत नाही. वजन जितके उंच, तितकी गाडी वळणावर कलंडण्याचा धोका मोठा. टाकी अर्धी भरलेली असली तर आतले पाणी ज्या बाजूला कल असेल त्याच बाजूला धाव घेते आणि संकटात भर घालते. गाडी बसते म्हणून कमानीत आणखी एक पाटा घालण्याची रीत आहे. पाटा वाढवला की गाडी उचललेली दिसते, पण तिचा ब्रेक, टायर आणि आस यांची ताकद तेवढीच राहते. चासीच्या पट्टीवर मनास येईल तेथे वेल्डिंग केले किंवा भोक पाडले, तर त्याच ठिकाणी पुढे तडा जाण्याची बीजे पेरली जातात. आता पाटसहून बारामती, इंदापूर, अकलूजमार्गे पंढरपूरकडे जाणारा पालखी मार्ग राष्ट्रीय महामार्ग म्हणून रुंद केला गेला आहे. रस्ता चांगला झाला याचा आनंदच आहे. परंतु चांगल्या रस्त्यावर वेग वाढतो, आणि खड्ड्यांतून हळूहळू चालताना झाकले जाणारे दोष वेगात उघडे पडतात.

चौथी चूक सर्वांत भयंकर, आणि ती म्हणजे बाहेर पडण्याच्या दुसऱ्या वाटेचा अभाव. शिडी एक, तीही मागे. तिच्यासमोर रात्री सामान रचलेले. पावसामुळे ताडपत्री चारही बाजूंनी दोऱ्यांनी आवळलेली. आत वीस माणसे झोपलेली असताना काही घडले, तर ती कोठून निघणार?

ही भीती काल्पनिक नाही. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे रेल्वेच्या उभ्या असलेल्या एका खास डब्याला आग लागली आणि लखनौकडून आलेले नऊ यात्रेकरू मरण पावले. डब्यात नियमबाह्य रीतीने आणलेल्या सिलिंडरमुळे ती आग भडकली होती. त्याआधी १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी दगावले. बस दाराच्या बाजूवर कलंडल्याने बाहेर पडण्याची वाटच जमिनीशी दाबली गेली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये जैसलमेरजवळ बसला लागलेल्या आगीत वीसहून अधिक माणसांचा बळी गेला, आणि त्यानंतर बसगाड्यांत परस्पर केल्या जाणाऱ्या बदलांचा प्रश्न देशभर चर्चिला गेला. या तिन्ही दुर्घटना वारीतल्या नाहीत. तथापि सिलिंडर, बंद झालेली वाट आणि परस्पर केलेला बदल ही त्यांतील तिन्ही कारणे दिंडीच्या वाहनात एकत्र नांदू शकतात. आजवर मोठा अनर्थ झाला नाही, याचे श्रेय पांडुरंगाला द्यावयाचे की योगायोगाला, हे ज्याचे त्याने ठरवावे. व्यवस्थेला मात्र ते घेता येणार नाही.

कायद्याची दोन टोके

मग कायदा काय करतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, उत्पादकाने ठरवून दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात उतरलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने, परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. दुसऱ्या टोकाला राहण्याच्या वाहनांसाठी एआयएस-१२४ हे मोटार कॅरॅव्हॅनचे मानक आहे. त्याप्रमाणे बांधलेली गाडी चाचणी संस्थेकडून मान्य करून घ्यावी लागते. मार्च २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणही मंजूर केले आणि अशा गाड्यांना उभे राहण्यासाठी पाणी, वीज, स्वच्छतागृहे असलेली उद्याने असावीत असे ठरवले.

म्हणजे ज्याच्यापाशी भांडवल आहे, त्याच्या चाकांवरच्या घराला धोरण आहे, मानक आहे, उद्यान आहे. ज्याने वर्गणी गोळा करून गावच्या वेल्डरकडून तेच घर बांधून घेतले, त्याच्यासाठी फक्त दंडाची तरतूद आहे. या दोन टोकांच्या मध्ये काहीच नाही. परिणाम काय होतो हे प्रत्येक गॅरेजवाल्याला माहीत आहे. पासिंगच्या आधी फळ्या, शिडी, टाकी उतरवायची. योग्यता प्रमाणपत्र हाती आले की पुन्हा चढवायची. निरीक्षकाने जे पाहिले पाहिजे तेच नेमके त्याच्यापासून लपवले जाते. ज्या नियमाने सुरक्षितता वाढावी, त्याच नियमामुळे ती अंधारात ढकलली जाते.

याचा अर्थ कायदा चुकीचा आहे असा नाही. जैसलमेरची दुर्घटना पाहिल्यावर, वाटेल त्याने वाटेल तसे वाहन बदलावे असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. दोष कायद्याच्या कठोरपणात नाही. त्याच्या दृष्टीच्या मर्यादेत आहे. मोटार वाहन कायदा वाहनाकडे पाहतो तो रस्त्यावर धावणारी वस्तू म्हणून. घरासाठी असलेले अग्निशमनाचे आणि विजेचे नियम चाके असलेल्या घराला ओळखत नाहीत. दिंडीचा ट्रक दिवसा काही तास धावतो आणि सारी रात्र उभा राहतो. धावतो तेव्हा ते घर आहे हे कायदा विसरतो. उभा राहतो तेव्हा ते वाहन आहे हे मालक विसरतो. या दोन विस्मृतींच्या मध्ये माणसे झोपलेली असतात.

विम्याचा प्रश्न तर याहून बोचरा आहे. मालवाहू वाहनातून फुकट नेल्या जाणाऱ्या प्रवाशाच्या नुकसानभरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी प्रकरणात दिला. पाय दुखतात म्हणून एखादी वृद्ध वारकरीण पुढच्या मुक्कामापर्यंत सामानाच्या ट्रकमध्ये बसते. तिला बसवून घेणाऱ्याच्या मनात दयेशिवाय दुसरे काही नसते. परंतु गाडी उलटली, तर त्या दयेला कागदावर किंमत नाही; तिच्या मुलाबाळांना विम्याच्या दारातून रिकाम्या हाताने परतावे लागण्याचा धोका आहे. ही गोष्ट किती दिंडीचालकांना समजावून सांगितली गेली आहे?

अकलूजने काय करावे

या गुंत्यातून वाट काढण्यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. अकलूजमध्ये उपप्रादेशिक परिवहन कार्यालय आहे. एमएच ४५ ही त्याची खूण जिल्ह्याच्या या भागातील रस्त्यांवर सर्वत्र दिसते. म्हणजे पालखीच्या वाटेवरच मोटार वाहन निरीक्षकांचे ठाणे आहे. अलीकडच्या वर्षांत आषाढीच्या काळात वारकऱ्यांच्या वाहनांना पथकरातून सूट दिली जाते आणि त्यासाठी वाहनाचा क्रमांक लिहिलेला पास घ्यावा लागतो. २०२४ मध्ये शासनाने दिंड्यांना प्रत्येकी वीस हजार रुपयांचे साहाय्य जाहीर केले. दिंडीचे वाहन शासनाच्या नजरेसमोर येते असा क्षण आहे तो हाच. मग पास देतानाच तासाभराची तपासणी का होऊ नये?

ही तपासणी दंडाची नसावी. वैद्यकीय शिबिरासारखी असावी. तिच्यात पाचच गोष्टी पाहाव्यात : सिलिंडर कोठे व कसा बांधला आहे; विजेच्या तारा व फ्यूज योग्य आहेत काय; बाहेर पडण्यास दोन वाटा आहेत काय; पाण्याची टाकी खाली व पक्की बसवली आहे काय; आणि चालू स्थितीतील अग्निशामक नळकांडे गाडीत आहे काय. यांतल्या बहुतेक सुधारणांनी नोंदणीपुस्तकातला एकही तपशील बदलत नाही, त्यामुळे कायद्याची आडकाठी येण्याचे कारण नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री, संधाता आणि डिझेल यांत्रिकी या शाखांच्या विद्यार्थ्यांना अशा शिबिरात निदेशकांच्या देखरेखीखाली काम देता येईल. जे मुलगे पुस्तकात विद्युतमंडळाच्या आकृत्या काढतात, त्यांना खऱ्या गाडीतली खरी चूक दुरुस्त करण्याइतके दुसरे उत्तम प्रात्यक्षिक कोणते? मराठीत छापलेले, चित्रांसह चार पानांचे एक पत्रक गॅरेजागॅरेजांतून लावले, तर निम्मे काम पुढच्या वारीच्या आधीच होईल.

वाहनाच्या सांगाड्यात मोठा बदल करावयाचा असेल, तर मात्र तो परस्पर होता कामा नये. त्यासाठी परिवहन खात्याने दोन-तीन नमुना आराखडे तपासून मान्य करून द्यावेत आणि त्यांच्याबरहुकूम काम करणाऱ्या स्थानिक कारागिरांची नोंद ठेवावी. शासनाला हे अशक्य नाही. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, एसटी महामंडळाने आपल्याच जुन्या प्रवासी गाड्या मालवाहतुकीसाठी बदलून घेतल्या. पुण्यात २०१६ पासून जुन्या बसगाड्यांची स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे झाली. जेथे कार्यशाळा, आराखडा आणि जबाबदार मनुष्य होता, तेथे जुन्या बसचे रूपांतर सुरक्षितपणे झाले. मग दिंडीच्या वाट्याला निदान आराखडा तरी यावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, श्रद्धेच्या वाटेवर सरकारी निरीक्षक उभा करू नये. परंतु वारीइतकी शिस्त दुसऱ्या कोणत्या मेळ्यात आहे? दिंडीचा क्रम ठरलेला, रथापुढची व रथामागची जागा ठरलेली, मुक्काम ठरलेला, चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ एका क्षणी थांबतात. स्वतःच्या नियमांनी चालणाऱ्या या समाजाला आणखी एक हिताचा नियम जड होणार नाही. फक्त तो अपमानाच्या वाटेने येता कामा नये. दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे : तपासणी आली की चिरीमिरी येते. हा संशय निराधार नाही. म्हणूनच तपासणी उघड्या मैदानात, दिंडीप्रमुखांच्या समक्ष आणि दंडाचा अधिकार बाजूला ठेवून व्हावी. ज्या तपासणीत कोणाला अडवताच येत नाही, तिच्यात अडवणुकीचा बाजारही भरत नाही.

दिंडीचालकांनाही आपल्या वाट्याची जबाबदारी टाळता येणार नाही. चालत्या मालवाहू गाडीत माणूस बसणार नाही, आणि थकलेल्यांसाठी प्रवासी परवान्याची एक छोटी गाडी वर्गणीतूनच केली जाईल, हा निर्णय कोणत्याही शासकीय आदेशावाचून घेता येतो. रात्री गाडी उभी केली की चाकांना दगड लावावा, गाडीखाली कोणाला झोपू देऊ नये, जनरेटर झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवावा, ताडपत्रीची एक बाजू आतून झटकन सुटेल अशी बांधावी, या गोष्टींना पैसा लागत नाही. लागते ती केवळ सवय. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकादशीचे व्रत मोडले नाही, त्यांना ही सवय लावून घेणे कठीण नाही.

अकलूजच्या रानात पहाटे वाहने हलू लागतात, तेव्हा फळ्यांवर अजून कोणी झोपलेले असते, खाली चहाचे आधण ठेवलेले असते आणि चालक किल्ली फिरवत असतो. घर आणि वाहन एकमेकांत मिसळण्याचा तो क्षण असतो, आणि धोका असतो तो नेमका तेव्हाच. त्या क्षणी शेगडी विझवून, खटका बंद करून, झोपलेल्याला खाली उतरवून मगच गाडी हलवावी, एवढे सांगणारा एक माणूस प्रत्येक दिंडीत असला पाहिजे, आणि त्याला हे शिकवण्याची जबाबदारी शासनाने पत्करली पाहिजे. पंढरीची वाट पायी चालणाऱ्याने देहाचे कष्ट आपण होऊन स्वीकारलेले असतात. सदोष तारेचा आणि गळक्या नळीचा धोका त्याने स्वीकारलेला नाही. तो त्याच्यावर इतरांच्या दुर्लक्षाने लादला गेला आहे.